गोड हाय का तिखट?

"पोरीहो, इतका नका हलवू, चुरा होईन त्याचा," काकू बोलून गेल्या आणि लगेच पदराचं टोक तोंडाशी नेलं.

चटईवरच्या अकरा-बारा पोरी क्षणभर गप्प. मग एकच गलका उठला. शंकरपाळे! चकल्या! पापडी! चिरोटे! एकीनं "अनारसे" म्हणताच शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं, "कोजागिरीले अनारसे कोन करते वं?" काकू प्रत्येक नावाला शांतपणे मान हलवत होत्या. नाही. नाही. तेही नाही. स्टीलचा डबा, झाकणावरून हातरुमाल आवळून बांधलेला, या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. आत काहीतरी खुळखुळत होतं आणि त्याच्या खाली, उशिरानं, काहीतरी धप्पकन सरकत होतं.

अमरावतीच्या साईनगरातलं हे घर. हॉलच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, मांडीवर इवलासा गणपती. गाणी म्हणून झाली होती, टिपऱ्या सोफ्याखाली गेल्या होत्या. गच्चीवर आटवलेलं दूध चंद्राची वाट पाहत होतं. पण खिरापत ओळखल्याशिवाय कुणी जागचं हलणार नव्हतं.

ती धांडीसुद्धा सहज मिळालेली नव्हती. वऱ्हाडात ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं त्याला बरीच वर्षं झाली. काकूंच्या यजमानांनी त्या पाच धांड्यांसाठी नात्यातल्या एका शेतकऱ्याला तीन फोन केले होते.

संपादकांनी या अंकासाठी 'गूढाची गंमत' असा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईच्या एस्केप रूम असणार. पैसे भरून स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि तासाभरात कोडी सोडवून बाहेर पडायचं. नाहीतर हॉटेलात जेवता जेवता खुनी शोधायचा. मी म्हटलं, मी अमरावती-अकोल्याला जातो. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तिकडे आहे का असं काही?"

फितूर

आहे, आणि मी त्यात लहानपणी गुन्हेगार होतो.

अकोल्यात जठारपेठेत आमचं घर. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायची, कोजागिरीला उठायची. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि प्रत्येक घरची बाई त्यांच्यापुढे बंद डबा ठेवायची. पुण्यात भोंडला, आणखी कुठे हादगा, आमच्याकडे भुलाबाई. गाणी वेगळी, दिवस वेगळे, पण खिरापत सगळीकडे झाकलेलीच. गोष्ट सांगतात ती अशी: सारीपाटात शंकर हरले, रुसून रानात निघून गेले, आणि त्यांना परत आणायला पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं. वेष पालटलेल्या बाईचा हा सण, तेव्हा त्यात ओळखाओळखी असणारच.

मुलगे या खेळात नसत. ते दाराशी घुटमळत, कारण खाऊ त्यांनाही मिळे. पण घरातल्या मुलाला एक गोष्ट ठाऊक असे, ती म्हणजे आईनं आज काय केलंय. माझी चुलतबहीण शाळेतून येताना मला गाठायची. दर ठरलेला होता. नुसतं 'गोड' सांगितलं तर एक लिमलेटची गोळी, पूर्ण नाव सांगितलं तर दोन. एकदा मी वाटली डाळ फोडली, पोरींनी डबा हातात घेण्याआधीच नाव सांगितलं, आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षापासून खिरापत करायच्या वेळी मला दळण आणायला पाठवलं जाऊ लागलं.

आज वाटतं, आईला राग आला तो फितुरीचा नव्हताच. तिचा खेळ दोन मिनिटांत संपला, याचा होता.

कानानं खायचं

डबा ओळखण्याचं एक शास्त्र आहे आणि ते कुणी शिकवत नाही. आधी प्रश्न. गोड का तिखट? ओलं का कोरडं? तळलेलं, भाजलेलं का उकडलेलं? चांगली खेळणारी पोर नावांची सरबत्ती करत नाही, ती प्रश्नांनी रान लहान करत आणते. गोड, कोरडं, न तळलेलं असं ठरलं की उरतात रेवड्या, साखरफुटाणे, चिक्की, फल्लीचे लाडू. आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्या मुलीनं एकदा तीनदा "पेरू, पेरू" म्हटलं तरी काकू मान हलवत राहिल्या. शेवटी डबा उघडला तर आत पेरूच. "हे जांब हायेत," काकू म्हणाल्या. त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही.

मग कान. मुरमुरे डब्यात सळसळतात, फुटाणे टकटकतात, शंकरपाळ्यांचा आवाज कडांना लागून खरखरीत येतो. लाडू सरकत नाही, घरंगळतो आणि थांबतो. काकडीच्या फोडी जवळजवळ मुक्या, पण डब्याचा तळ गार लागतो. उकडलेल्या शेंगांचा तळ कोमट. वजनाचा अंदाज घ्यायला डबा दोन्ही तळव्यांवर धरून वरखाली करायचा असतो, साईनगरातली एक सातवीतली पोर ते इतक्या सराईतपणे करत होती की मला सराफ आठवला.

याला उत्तर म्हणून बायकांचे डावपेच. डबा दोन तास आधी फ्रीजमध्ये ठेवणं. लाडू कागदात गुंडाळणं. तळणीचा वास गल्लीभर जातो म्हणून सकाळीच तळून घेणं, किंवा सरळ शेजारणीकडे जाऊन तळणं. एका घरी बोंडं तळली आणि खिडकीत मुद्दाम उदबत्त्या लावल्या. एकीनं सांगितलं की तिची सासू डब्यात एक रुपयाचं नाणं टाकायची. ते मात्र पोरींनी मोडून काढलं. डब्यात जे असेल ते खाता आलं पाहिजे, हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण तिथल्या प्रत्येकीला पाठ.

इंग्रजीतल्या रहस्यकथांसाठी रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं 1929मध्ये दहा नियम लिहून काढले. त्यांतला एक असा की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखवलाच पाहिजे. चकवा चालेल, लपवाछपवी नाही. जुळा भाऊ ऐनवेळी काढायचा नाही, एकाहून अधिक गुप्त दारं ठेवायची नाहीत. नॉक्सला आमच्या काकू भेटल्या असत्या तर नाण्यावर अकरावा नियम झाला असता.

क्योटोतली खोली

ज्याला आज एस्केप रूम म्हणतात तो खेळ जपानात क्योटो इथे ताकाओ काटो यांनी 2007मध्ये पहिल्यांदा माणसांना घेऊन खेळवला. त्याआधी तो संगणकाच्या पडद्यावर होता. बंद खोली, वस्तूंवर टिचकी मारायची, किल्ली शोधायची. काटोंनी पडदा काढून टाकला आणि अनोळखी माणसांना एकत्र बसवलं. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दिवाबत्ती बंद असायची त्या काळात, बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटनं 'क्लूडो' हा पटावरचा खेळ रचला. तो 1949मध्ये बाजारात आला. बंगल्यात खून, सहा संशयित, आणि पाकिटात झाकून ठेवलेली तीन पानं. मॉस्कोमध्ये 1986मध्ये दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं 'माफिया' काढला, ज्यात घोळक्यातले गुपचूप मारेकरी बोलण्यावरून ओळखायचे. हा शेवटचा वाचताना मला आमच्या चार चिठ्ठ्या आठवल्या. राजा, प्रधान, शिपाई, चोर. चिठ्ठी उघडल्यावर चेहरा कोरा ठेवता आला नाही की संपलं.

यांतलं काहीच वऱ्हाडातून गेलं नाही, हे सांगायला नको. आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणायची खोड मला लावून घ्यायची नाही. मला कुतूहल वेगळ्या गोष्टीचं होतं. या सगळ्या खेळांत बक्षीस सोडवणाऱ्याला मिळतं, कौतुक सोडवणाऱ्याचं होतं. लपवणारा माणूस काय मिळवतो? वाचनालयातल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग प्रत्येक गावात असायचा. त्याला काय मिळायचं ते मला कळतं. मीही वाटली डाळ फोडलेली आहे. पण हजाराहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या अर्नाळकरांना काय मिळत असेल?

डफावरचा तुरा

मोठ्यांचा खेळ रात्री असे आणि त्यात डब्याच्या जागी डफ असे. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला, मायेला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला, पुरुषाला. दोघं समोरासमोर उभे राहायचे, डफ, तुणतुणं आणि झांज, आणि एकानं गाण्यातून घातलेलं कोडं दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं. अशा रचनेला भेदिक म्हणतात, आत भेद आहे म्हणून. देह म्हणजे नऊ दारांचं गाव, त्या गावचा पाटील कोण? पुराणातल्या अमक्याची आई ती त्याचीच लेक कशी? जे आधी होतं त्याला जन्म कुणी दिला? वरवर वेडगळ वाटणारे सवाल, पण प्रत्येकाला ग्रंथाचा आधार असायला लागे.

अचलपूरच्या बाजूला एका खेड्यात ऐंशीच्या घरातले एक शाहीर भेटले. ओट्यावर बसून त्यांनी मला नियम सांगितले. सवाल घातला आणि समोरच्याला आला नाही, तर घालणाऱ्यानं तो सभेपुढं स्वतः फोडून दाखवायचा. फोडता आला नाही तर हार त्याची. "ज्याले आपल्याच कोड्याचं उत्तर माईत नाई त्यानं उभंच राऊ नये," ते म्हणाले. त्यांच्या गुरूचं बाड, म्हणजे हातानं लिहिलेली जाड वही, लोखंडी पेटीत होतं. मला बाहेरून दाखवलं. आतलं पान दाखवा म्हटल्यावर हसले. पेटीला कुलूप लावून किल्ली जानव्याला अडकवतात तशी करगोट्याला अडकवली.

"बरं, सवाल लय कठीन घातला तं?" मी विचारलं.

"तं लोक उठून जातात. समोरच्याले घाम फुटला पायजे, पन पब्लिकले वाटलं पायजे, आता येते याले, आता येते." त्यांनी तर्जनी आणि अंगठा यांच्यात तांदळाएवढं अंतर दाखवलं. "इतकं ठेवाचं."

त्या चिमटीतल्या तांदळाएवढ्या जागेत सगळा खेळ आहे. ती जागा मोठी झाली तर कंटाळा, मिटली तर फितुरी.

पब्लिक इथं नुसतं बसत नाही, ही या भागाची जुनी रीत. याच जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढत. 8 नोव्हेंबर 1956ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ते गेले. ते ऐकताना बाबांच्या आवाजाइतकाच समोरच्यांचा हुंकार कानात राहतो. खंजेरीची भजनं, कव्वालीचे मुकाबले, आंबेडकर जयंतीचे रात्रभराचे सामने, सगळीकडे समोरच्यानं जबाब द्यायचा असतो. वऱ्हाडी माणसाला गप्प बसून करमणूक करून घेणं जमत नाही. सिनेमागृहातसुद्धा नाही, पण तो विषय वेगळा.

खरंच लपवायचं असतं तेव्हा

परतताना वाट वाकडी करून रिद्धपूरला गेलो. मोर्शीच्या रस्त्यावरचं हे गाव महानुभावांचं मोठं तीर्थ. गोविंदप्रभू इथले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, त्याचाही या गावाशी संबंध. मराठी भाषेचं विद्यापीठही आता इथंच झालं आहे. पण मी गेलो ते सकळ लिपीसाठी. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल केलेली, पंथाबाहेरच्याला वाचताच येऊ नये अशी. सकळ, सुंदरी आणि इतर. मराठीतलं पहिलं गद्य कित्येक शतकं या कुलपात राहिलं आणि विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्याची किल्ली शोधली, तेव्हा अभ्यासकांना आपल्या भाषेचं वय नव्यानं मोजावं लागलं.

कोडं म्हणून पाहिलं तर याहून मोठं कोडं मराठीत नाही. पण हा खेळ नव्हता. इथे लपवणाऱ्याला वाटत होतं की सापडू नये. त्यामुळे त्यात चिमटीएवढीही फट ठेवलेली नाही, कुणी "चुरा होईन" म्हणत नाही. रिद्धपूरच्या शांत दुपारी मला काकूंची जीभ चावणं आठवलं आणि पहिल्यांदाच शंका आली, की ती खरोखर चुकून घसरली होती का?

भाचीची खोली

उन्हाळ्यात पुण्याहून सुटीला आलेल्या माझ्या भाचीनं अकोल्याच्या घरी एस्केप रूम केली होती. पुण्यात दोनतीनदा खेळून आली होती, तिला ती घरच्या मंडळींना दाखवायची होती. मधली खोली रिकामी केली. आकड्यांची तीन कुलपं आणली, धान्याच्या कोठीला एक, जुन्या गोदरेजच्या कपाटाला एक, शिलाई मशीनच्या खणाला एक. दोन दिवस खपून तिनं गोष्ट लिहिली. आजोबांचं मृत्युपत्र हरवलंय, संशयित चार. धागे भिंतीवरच्या कॅलेंडरात, रेडिओच्या मागे, पंचांगात.

खेळायला आम्ही सात जण. वीस मिनिटांत चार जण बाहेर. एक धागा इंग्रजी शब्दकोड्यात होता, तिथं माझ्या मेहुण्यानं हात टेकले. दुसऱ्या धाग्याला मोबाइलमधला कोड वाचायला लागत होता आणि नेमकी लाइट गेली, वायफाय गेलं. अकोल्याच्या मे महिन्यात पंख्याविना बंद खोलीत शोध लावायचा म्हणजे शेरलॉक होम्सनंही टोपी काढली असती. शेवटी शिलाई मशीनच्या खणाचं कुलूप आकडे बरोबर लावूनही उघडेना, ते पकडीनं तोडलं.

भाचीचे डोळे भरले. आई, म्हणजे तिची आजी, सगळा वेळ दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं नातीला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. तांत्रिक मत दिलं.

"तू आमाले हरवाले बसली होती. तसं नाई करत. डबा आपन ठेवतो तं त्याईनं ओयखावं म्हनूनच ठेवतो ना?"

"मग मजा काय?"

"उशीर लागला पायजे. ते तुह्या हातात हाय."

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ती खोली पुन्हा मांडली. एकच कुलूप ठेवलं. इंग्रजी कोड्याच्या जागी आईनं हळदीच्या डबीत किल्ली पुरली आणि आजोबांच्या 'मृत्युपत्रात' असं काही लिहायला लावलं की ज्यानं या घरात कधी पोळ्या केल्यात त्यालाच ते कळावं. मेहुण्याला ते कळलं नाही. त्याच्या बायकोला कळलं, पण तिनं दहा मिनिटं सांगितलं नाही, त्याला इकडेतिकडे धावताना पाहत उभी राहिली. आई दारातून भुवया उंचावत होती, मान झटकत होती, खोकत होती, आणि त्यांतला प्रत्येक खोकला हिशोबी होता.

झाकण

आता साईनगरात परत.

वीसेक मिनिटं झाली. पोरींनी चुरा होणारे सगळे पदार्थ संपवले, त्यात सोनपापडीही आली. "हरलो म्हना," काकू म्हणाल्या. हरलो म्हणायला कुणी तयार नाही. तेव्हा सगळ्यात लहान पोर, पहिलीतली असेल, तिच्यापर्यंत डबा आलाच नव्हता, ती गुडघ्यांवर पुढे सरकली. तिनं डबा हलवला नाही. रुमालाच्या गाठीशी नाक नेलं आणि डोळे मिटून बसली.

"कोहयाचे बोंडं," ती म्हणाली.

काकूंचा चेहरा मी नीट पाहत होतो. आधी दचकल्या, मग हसू दाबलं, मग दाबता येईना. गाठ सोडली. आत केळीच्या पानावर कोहळ्याची गुळातली बोंडं, तांबूस, गार झालेली, आणि त्यांच्या भोवती मूठभर फुटाणे.

पोरी उसळल्या. "काकू, तुमी म्हटलं चुरा होईन!"

"बोंड कुस्करलं तं चुराच होते ना?"

"आन् फुटाने काहून टाकले?"

"खाचेच हायेत. खा."

नियमात बसत होतं. दोनच पोरी अजून कुरकुरत होत्या, पण बोंड तोंडात असल्यानं त्यांचं म्हणणं नीट कळलं नाही. मग सगळ्या गच्चीवर दुधाकडे पळाल्या. घरातल्या थोरल्या लेकाला ओवाळायचं राहिलं होतं, त्याला शोधायला कुणीतरी गेलं. मी मागे थांबून काकूंना विचारलं, ते वाक्य खरंच निसटलं होतं का? त्या मखरापुढचे फुटाणे वेचत होत्या. "तुमाले काय वाटते?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला निघालो, तेव्हा त्यांनी हातात एक छोटा डबा ठेवला. झाकणाला रबरबँड. "अकोला येईपर्यंत उघडाचा नाई," असं बजावलं.

बडनेरा सुटलं. खिडकीबाहेर सोयाबीन काढून झालेली रानं आणि मधूनमधून कपाशी. डबा मांडीवर होता. मी इकडेतिकडे पाहिलं, तो कानाशी नेला आणि हळूच हलवला. काही वाजलं नाही. तळाला हात लावला, गारही नव्हता, कोमटही नव्हता. पुन्हा हलवला, जरा जोरात.

समोरच्या बाकावर बसलेली, कुरुमला उतरणारी म्हातारी बाई इतका वेळ तंबाखू मळत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"गोड हाय का तिखट?" तिनं विचारलं.